लाटण्याची खूण

लिंडेन फॉल्स, मिनेसोटा
सोमवार, २५ ऑगस्ट १९८६

प्रिय ऑर्लिन,

दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आई ठणठणीत आहे. कालच तिनं तळघरातून काकडीच्या लोणच्याच्या बरण्या स्वतः वर आणल्या आणि मला हातानंच 'वाटेतून बाजूला हो' म्हणाली. अकरा वर्षांनी थोरल्या भावाचं पत्र आलं की माणसाला आधी मरणाचीच शंका येते, म्हणून हे पहिल्यांदा सांगून टाकलं.

बातमी अशी की या हंगामानंतर मी कॉलेजच्या फुटबॉल संघाची कोचगिरी सोडतोय. एकतीस वर्षं झाली. गुडघे तर कधीच निवृत्त झाले, आता बाकीचा मीही होतो. फोनच करणार होतो, पण माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतोस. १९७९ साली एकदा ठेवलास आणि गेल्या ईस्टरला एकदा. आई म्हणाली, "तोंडानं तुला कधी काही धड बोलता आलंय का? हातानं लिही." जन्मात कुणाचा आवाज न ऐकलेली बाई मला बोलण्यावरून ऐकवते!

आपल्या भांडणाबद्दल मी एक अक्षरही लिहिणार नाही. फक्त एवढंच, की चौथी आणि शेवटची खेप असताना, एक यार्ड बाकी असताना आणि वर आपण तीन गुणांनी पुढे असताना शहाणा माणूस बॉल लाथेनं दूर उडवून देतो. मी तीच खूण केली होती. तू शेजारी उभा राहून लाटण्याची खूण केलीस. अर्ध्या पोरांनी माझं ऐकलं, अर्ध्यांनी तुझं. बॉल बिचारा मधल्यामध्ये गवतात पडला, समोरच्यांनी उचलून नेला आणि आपलं अजिंक्यपद त्याच्याबरोबर गेलं. बघ, एक अक्षर लिहिणार नव्हतो आणि किती ओळी झाल्या.

आता मुद्द्याचं. माझा शेवटचा सामना १५ नोव्हेंबरला आहे, तुझ्याच ग्रेन्जर कॉलेजशी. त्यानंतर बारा दिवसांनी थँक्सगिव्हिंग. अकरा वर्षं आई ते जेवण दोनदा करते, दुपारी तुझ्याकडे आणि संध्याकाळी माझ्याकडे. यंदा तिनं जाहीर केलंय, "शहाऐंशी वर्षांची झाले मी. एकदाच करीन, माझ्या टेबलावर, दोघं असाल तर. नाहीतर ब्रेड आणि चीज खा." तुला ठाऊक आहे, ती बोलते ते करते.

उत्तर पाठव, किंवा निदान पाकीट परत पाठव, म्हणजे पत्ता बरोबर होता हे तरी कळेल.

तुझा थोरला भाऊ,
आर्विड


रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय ऑर्लिन,

पाकीटही आलं नाही. मी ते चांगलं लक्षण मानतो.

या वर्षीचा माझा क्वार्टरबॅक ड्वेन नावाचा आहे. बाप टर्की पाळतो. पोरगा साडेसहा फूट उंच आहे आणि हात दाराच्या फळीएवढे. बॉल फेकतो सुरेख, पण बाकी वेळ चेहऱ्यावर असा भाव की नुकताच झोपेतून उठलाय. रिवाजाप्रमाणे त्याला आधी आईच्या स्वयंपाकघरात नेलं. तू गेल्यावरही तो रिवाज मी मोडलेला नाही. मैदानावर माझ्या खुणा वाचून डाव तोच चालवणार, म्हणून नवा क्वार्टरबॅक पहिल्यांदा आईसमोर बसतो, खुणा शिकतो, तिनं पास केलं की मगच मैदानावर.

मी दारातून जमिनीवर पाय आपटला, आईला पायातून कळलं, वळली. लेफ्सा चालू होता. उकडलेल्या बटाट्याचा गोळा, हाताखाली ते खाचांचं लाटणं. ड्वेनच्या घरी लेफ्सा नाही, आपल्यासारखी नॉर्वेची नव्हेत, स्वीडिश माणसं ती. बटाट्याची पोळी इतकी पातळ होते की खालच्या ओट्याचा रंग दिसतो, हे बघून तो तोंड उघडं टाकून उभा राहिला. आईनं दोन मुठी पुढे ढकलून दाखवल्या, लाटल्यासारख्या. मी सांगितलं, "हा आपला लेफ्सा डाव. डावं-उजवं काही नाही. सगळ्यांनी मिळून समोरच्याला सरळ लाटायचं."

"आणि एका मुठीवर दुसरी मूठ फिरवली तर?"

"ती कॉफी दळायची खूण. बॉल उजवीकडच्या धावणाऱ्याला द्यायचा."

मग आईनं मूठ छातीवर गोल फिरवली. ड्वेननं विचारलं, "हा कुठला डाव, कोच?"

मी म्हटलं, "तो आपण वापरत नाही."

आईनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी बरण्या मोजायला लागलो.

तुझ्यापुढे लपवण्यात अर्थ नाही. तू गेल्यापासून मी ग्रेन्जरविरुद्ध दहापैकी सात सामने हरलो, आणि का हरलो हे तुला माहीत आहे. मी 'कॉफी' म्हणायचा अवकाश, की पलीकडे तू तुझ्या पोरांना उजवीकडे पळवतोस. १९७८ साली मी सगळ्या खुणा बदलल्या होत्या. उन्हाळाभर पाठ केल्या. पण सामना अटीतटीला आला की माझे हात परत आईचंच बोलायला लागतात. दुसरी भाषा त्यांना येतच नाही. तुझ्या हातांचंही तेच होत असणार, कारण तीन सामने मी जिंकलो ते तुझे हात वाचून.

त्या जुन्या सामन्याबद्दल हल्ली वाटतं की चूक दोघांची असावी. एवढं मी मान्य करायला तयार आहे.

आर्विड


रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय ऑर्लिन,

आई म्हणते, तू माझी पत्रं वाचतोस आणि डब्यात ठेवतोस. कुठल्या डब्यात ते सांगेना. कचऱ्याच्या नाही ना, एवढं विचारलं तर हसली.

चार सामने जिंकलो, एक हरलो. काल जिंकल्यावर पोरांनी मला खांद्यावर घेतलं आणि चिखलात पाडलं. उठलो तेव्हा सगळा कोळशासारखा काळा. आई फळ्यांच्या पायऱ्यांवर बसून पोट धरून हसत होती. ती अजून तशीच सामना बघते, बूट काढून, तळवे फळीला टेकवून. लोक पाय आपटतात ते तिला तळव्यांतून कळतं. "आज तिसऱ्या भागात तुमचे लोक कंटाळले होते," असं मला घरी सांगते, आणि बरोबर असतं.

निवृत्त होणाऱ्या माणसाला जुनं आठवायची मुभा असते, म्हणून आठवतो. १९५५ साली मी आलो तेव्हा तेवीस पोरं होती आणि मैदानावर गाई चरायच्या. चुन्याच्या रेघा मी स्वतः ओढायचो, त्या इतक्या वाकड्या की ग्रेन्जरच्या तेव्हाच्या कोचनं विचारलं होतं, हे मैदान आहे की ओढा? सकाळी स्वच्छताशास्त्र शिकवायचो आणि दुपारी पोरांना चिखलात लोळवायचो. १९५८ साली तू आलास मदतनीस म्हणून, आणि पहिल्याच आठवड्यात पांढरे शर्ट लाल मोज्यांबरोबर धुतलेस. आठवतंय? गुलाबी शर्ट घालून खेळलो आपण. समोरची पोरं हसून हसून वाकली, आणि ती सरळ होईपर्यंत आपले चौदा गुण झाले होते. पुढच्या शनिवारी पोरं म्हणाली, "कोच, शर्ट परत गुलाबी करा."

माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांपैकी एकजण आता माझे दात काढतो, आणि तोंडात हत्यार असताना विचारतो, "त्या दिवशी मला बाकावर का बसवलंत, कोच?" सेहेचाळीस लग्नांना गेलो मी त्यांच्या. त्यातल्या पहिल्या एकतीस लग्नांत तू शेजारी बसून केक खात होतास. नंतरच्या पंधरांत शेजारच्या खुर्चीवर मी माझी टोपी ठेवली, दुसरं कुणी बसू नये म्हणून. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

आणि आता हेही लिहून टाकतो. त्या दिवशी लाटण्याची खूण आधी माझ्या हातांनी केली असण्याची शक्यता आहे. नक्की आठवत नाही. गडबड होती.

आर्विड


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ऑर्लिन,

'नक्की आठवत नाही' हे खोटं होतं. मला लख्ख आठवतं.

मी आधी लाटण्याचीच खूण केली. मला वाटलं, एक यार्ड तर आहे, लाटून टाकू. पलीकडच्या टोकाला असलेल्या आपल्या पोरांना दिसावी म्हणून तू तीच खूण पुन्हा केलीस, आणि ते तर तुझं कामच होतं. तेवढ्यात माझी पाचावर धारण बसली आणि मी हात फिरवून लाथेची खूण केली. तू तेव्हा माझ्याकडे बघत नव्हतास. माझ्यावर विश्वास होता म्हणून तू पोरांकडे बघत होतास.

सामना संपल्यावर पेपरवाल्यानं विचारलं, आणि मी म्हणालो, "माझ्या धाकट्यानं परस्पर खूण केली." अख्ख्या जिल्ह्यानं ते वाचलं. तू सोमवारी सामान उचललंस आणि मी तुला अडवलं नाही, कारण अडवायचं तर खरं सांगावं लागलं असतं. सामना हरल्याचं मला दोन वर्षांत विसरायला झालं. ते एक वाक्य मात्र अकरा वर्षं रोज माझ्यासमोर येऊन बसतं.

उद्या तू समोर असशील. हे पत्र आत्ता पेटीत टाकलं तर तुला सोमवारी मिळेल. टाकतो.


रविवार, १६ नोव्हेंबर

प्रिय ऑर्लिन,

नाही टाकलं. पेटीपर्यंत गेलो, झाकण उचललं आणि परत आलो. सोबत जोडलंय, आधी ते वाच.

वाचलंस? आता कालचं. तू तिथंच होतास, पण तू पलीकडून बघत होतास. अलीकडून काय झालं ते मला सांगायलाच हवं, कारण आज पेपरात मला 'वाघाच्या काळजाचा कोच' म्हटलंय, आणि आई सकाळपासून ते वाक्य मला बोटांनी हिज्जे करून दाखवतेय.

वीस-सतरा. तुम्ही पुढे. पंचवीस सेकंद उरलेले, आमची चौथी खेप, आणि तुमची रेघ एका यार्डावर. दूध पिणारं पोरही सांगेल की बॉल दांड्यांमधून मारा, तीन गुण घ्या, बरोबरी करा आणि घरी जा. मीही तेच ठरवलं. वेळ थांबवून घेतला, लाथ मारणाऱ्या पोराला सांगितलं, "जा बाबा, आणि डोळे उघडे ठेवून मार."

आणि मग मी सहज पलीकडे बघितलं. तू उभा होतास, आपल्या बापासारखी टोपी मागे सारून. पुन्हा चौथी खेप, पुन्हा एक यार्ड, आणि आपण दोघं अगदी समोरासमोर. मधे फक्त मैदानाची रुंदी. मला वाटलं, आर्विड, पेटीचं झाकण तुला उचलवत नाही, सोमवारपासून तुझ्या हातांना काही कामही नाही. आत्ता नाही तर कधी?

म्हणून मी मूठ छातीवर फिरवली. एकदा नाही, तीनदा. मग स्वतःकडे बोट दाखवलं, मग तुझ्याकडे, मग आईच्या घराची खूण, आणि मग दोन्ही मुठी पुढे ढकलल्या. लेफ्सा. बोलायचं होतं ते एवढंच, 'चुकलो मी. आईकडे ये. लेफ्सा खाऊ.'

शपथेवर सांगतो, त्या क्षणी सामना माझ्या डोक्यातही नव्हता.

ड्वेनच्या डोक्यात मात्र होता. त्यानं मागे वळून बघितलं ते नेमकं शेवटच्या खुणेला. लाथ मारणाऱ्या पोराला त्यानं मैदानाबाहेर हाकललं. मी ओरडलो, "अरे नाही! मी त्याच्याशी बोलतोय!" चार हजार लोक पाय आपटत होते, कोण ऐकतंय! पोरं खाली वाकली, आणि मी तुझ्याकडे बघितलं. अकरा वर्षांत माझी एक खूण तुझ्या नजरेतून सुटली नाही. तू नुसता हात वर केला असतास तरी तुझी भिंत मधे येऊन उभी राहिली असती. तुझी पोरं तुझ्याकडे बघत होती. आणि तुझे दोन्ही हात तोंडावर होते.

लाटलं त्यांनी. सगळ्यांनी मिळून, सरळ, पातळ. ड्वेन रेघेपलीकडे पडला आणि त्याच्यावर दहाजण. सहा गुण, सामना आमचा.

मी पळत जाऊन त्याला उठवलं. म्हटलं, "गाढवा, तुला लाथ मारायला सांगितलं होतं!"

तो म्हणाला, "पण कोच, तुम्ही लेफ्सा केलात की! आधीचं ते छातीवरचं मी सोडून दिलं. तुम्हीच म्हणाला होतात, ते आपण वापरत नाही."

मी त्या साडेसहा फुटाच्या पोराला मिठी मारली आणि ढसाढसा रडलो. पेपरवाल्यानं त्याचाच फोटो घेतला, विजयाचे अश्रू म्हणून छापलाय.

मग तू मधल्या रेघेपर्यंत आलास. आजूबाजूला इतका गोंगाट की बोलणं शक्यच नव्हतं, देवाचे आभार. तू भुवया वर केल्यास आणि मनगटावर टिचकी मारलीस. 'किती वाजता?' मी उत्तर देणार, तोच तुझी नजर माझ्या डोक्यावरून मागे गेली. वळून बघतो तर आई फळीवर उभी, अनवाणी, दोन्ही हात उंच करून. 'गुरुवारी. बारा. उशीर नको. लोणी आण.'

ड्वेन माझ्या कोपरापाशी येऊन म्हणाला, "कोच, त्या कुठला डाव सांगताहेत?"

पेपरवाल्याला मी आज सकाळी फोन केला. तोच माणूस आहे, १९७५ चा, आता टक्कल पडलंय. सांगितलं की कालचा तो काही धाडसी निर्णय नव्हता, मी भावाला जेवायला बोलावत होतो. आणि त्या वर्षीची खूण माझी होती, ऑर्लिननं फक्त माझा शब्द पुढे पोचवला, हेही लिहून घे म्हटलं. त्यानं ते लिहून घेतलं. मग म्हणाला, "पहिल्या पानावर?" मी म्हटलं, "तेव्हा जिथं छापलं होतंस तिथंच."

गुरुवार म्हणजे सत्तावीस तारीख. येत्या गुरुवारी येऊ नकोस, आई तयार नसेल.

आर्विड


शुक्रवार, २८ नोव्हेंबर

प्रिय ऑर्लिन,

तू काल संध्याकाळी पाचला इथून गेलास आणि मी आज तुला पत्र लिहितोय. हाताला चटक लागली, काय करू? शिवाय काल तू लेफ्सा भराभर गिळत होतास, गुंडाळून झाला की दुसरा, त्यामुळे दोन गोष्टी राहून गेल्या.

पहिली. भांडी घासताना मी आईला विचारलं, "१९७५ च्या त्या सामन्याला तू फळीवर बसली होतीस. माझे हात तुला दिसले असतील ना?"

"दिसले की," ती साबणाच्या हातांनी म्हणाली. "आधी लाटणं, मग लाथ."

"म्हणजे अकरा वर्षं तुला माहीत होतं?"

"ऑर्लिनलाही सांगितलं मी, त्याच आठवड्यात. म्हटलं, थोरल्याच्या हातून चूक झालीय, त्याला ती कबूल करायला वेळ लागतो, लहानपणी खिडकी फोडली तेव्हाही लागला होता. तू फार लांब जाऊ नकोस. थांब."

ऑर्लिन, मी हातातली बशी खाली ठेवली. तुला आयोवाहून बोलावणं आलं होतं, डकोटाहून आलं होतं, दुप्पट मोठी कॉलेजं. सगळे म्हणायचे, ग्रेन्जरमध्ये हा माणूस का कुजतोय? मीही म्हणायचो, मोठ्यानं. मला वाटायचं, मला दरवर्षी हरवण्यासाठी तू पस्तीस मैलांवर बसलायस.

मी आईला म्हटलं, "मग मला का नाही सांगितलंस तो वाट बघतोय म्हणून?"

तिनं हात पुसले, अगदी सावकाश, एकेक बोट. मग म्हणाली, "शंभरदा सांगायला गेले. त्याचं नाव काढलं की तू मान फिरवायचास. बघितल्याशिवाय तुला माझं ऐकू कसं येणार?"

दुसरी गोष्ट साधी आहे. दंतवैद्य पोराच्या धाकट्या भावाचं लग्न सहा डिसेंबरला आहे, दुपारी दोनला, चर्चमध्ये. केक चॉकलेटचा आहे म्हणतात. मी डावीकडच्या तिसऱ्या रांगेत असेन. शेजारच्या खुर्चीवर माझी टोपी असेल. ती उचलून बस.

तुझा,
आर्विड